हयातीचा दाखला

आमच्या अमळनेरात ज्या घरात एक पेन्शनर, एक स्मार्टफोन आणि एक सून असते, त्या घरातल्या सुनेला स्वयंपाकाशिवाय आणखी एक खातं सांभाळावं लागतं. कुणाकडे गॅसचं बुकिंग असतं, कुणाकडे सातबारा डाउनलोड करणं असतं. माझ्याकडे शिवाजी साटम आहेत.

आमचे सासरे, आप्पा, राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. मंगळवारी मंगळग्रह मंदिर आणि टीव्हीवर ‘सीआयडी’ मालिका, ही त्यांची नेमाची दर्शनं. पण मंदिरातला देव रोज उठून मुलाखती देत नाही. नट देतो. म्हणून सकाळी चहाची कपबशी हातात पडली की आप्पा विचारणार, “काय म्हनस तो आज?”

‘तो’ म्हणजे ‘सीआयडी’तले एसीपी प्रद्युम्न, अर्थात ती भूमिका करणारे शिवाजी साटम. साटमांचा जन्म १९५० चा, आप्पा त्यांच्याहून थोडे मोठे, त्यामुळे एकेरी. मुंबईला राहणाऱ्या धाकट्या भावाची चौकशी करावी तशी रोजची चौकशी: तब्येत कशी, नवीन काम कोणतं घेतलं, आवाज बसल्यासारखा का वाटतो. माझे मिस्टर जळगावला अपडाऊन करतात. सकाळची गाडी हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आशीर्वाद आहे. ते “आप्पा, हिला विचारा” म्हणून पायात चपला सरकवतात आणि मी कणकेच्या हाताने मुंबईतल्या दिराचा शोध घ्यायला लागते.

ही भाऊबंदकी आली कुठून, तर बँकेतून. साटम नट होण्याआधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते. बँकांच्या आंतरबँक नाट्यस्पर्धा असत, त्यात ते काम करत. तिथे बाळ धुरींनी त्यांना हेरलं आणि संगीत नाटकात घेतलं. बाळ धुरी म्हणजे ‘रामायण’ मालिकेतले दशरथ. “दशरथानं एका पोऱ्याले वनात धाडं आन एकाले स्टेजवर,” असं आप्पा म्हणतात, आणि दोघांत कोणाचं बरं झालं हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सोडून देतात. त्यांचा ठाम सिद्धांत आहे की उत्तम नट बँकेतच तयार होतो. काउंटरच्या जाळीआडून दिवसभर माणसं बघायची, खोटी सही चेहऱ्यावरून ओळखायची, आणि कॅश जुळत नसताना जुळल्यासारखं तोंड ठेवायचं. अभिनय म्हणजे दुसरं काय?

या सिद्धांताला घरातूनच सुरुंग लागतो. सासूबाई अशोक सराफांच्या गटातल्या. तेसुद्धा बँकवाले, स्टेट बँकेचे. ‘अशोक मा.मा.’ ही त्यांची मालिका २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाल्यापासून आमच्या दिवाणखान्यात रिमोटची फाळणी झालेली आहे. “आमच्या मामांना महाराष्ट्र भूषण मिळालं, पद्मश्री मिळाली,” सासूबाई शेवभाजी वाढता वाढता म्हणतात. “तुमच्या एसीपीले काय मिळालं? बॉम्ब.” आप्पा यावर काही बोलत नाहीत, फक्त तर्री जास्त मागतात.

बॉम्बची गोष्ट पुढे येईलच. आधी मुलाखत ऐकणं हा प्रकार सांगायला हवा, कारण तो ऐकण्याचा नसून तपासण्याचा प्रकार आहे. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा करायचा. कूलर बंद करायचा, कारण कूलरच्या आवाजात ‘त्याचा’ शब्द हुकतो. मग एप्रिलमध्ये अख्खं घर घामाने निथळत बसणार आणि पडद्यावर कुणी पंचविशीचा पोरगा विचारणार, “सर, वो हाथ घुमानेवाला स्टाईल कैसे आया?” हा प्रश्न आप्पांनी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर ते साटमांच्या आधी देऊन मोकळे होतात. मग दयाच्या दरवाज्यांचा प्रश्न. मग ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणून दाखवा. ते म्हणतात. आप्पाही म्हणतात. शेवटी आप्पा डब्यावरून फोन उचलून वैतागतात, “बँकनं कोन्ही इचारतच नई!”

त्यांना विचारायचंय ते वेगळंच. साटम कॅशला होते की क्लिअरिंगला? मार्चअखेरीला रात्री किती वाजायचे? कधी कॅश कमी पडली होती का, आणि पडली तर पदरचे भरले का? एवढी साधी माहिती एकाही चॅनेलने काढू नये, याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं. मला विचाराल तर मुलाखतकारांपेक्षा आप्पांचे प्रश्न सरस आहेत. हात फिरवण्याचं उत्तर एकदा कळलं की कळलं. कमी पडलेल्या कॅशचं उत्तर ऐकायला मीसुद्धा कूलर बंद करीन.

बरं, हे प्रेम आजचं नाही. ‘सीआयडी’ जानेवारी १९९८ मध्ये सोनीवर सुरू झालं. आमच्याकडे त्या काळात लोडशेडिंग असं होतं की चोर पकडायची आणि लाइट जायची वेळ हमखास एक. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात कितीतरी खून उघडे पडायचे राहिलेले होते. आप्पांना अजून काही भागांतले खुनी माहीत नाहीत, त्यांचा संशय मात्र अबाधित आहे. २००४ मध्ये मालिकेने एकही कट न घेता १११ मिनिटांचा सलग भाग केला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आप्पांच्या मते १११ मिनिटं लाइट गेली नाही, हा त्याहून मोठा विक्रम. मग २०१८ च्या ऑक्टोबरात मालिका थांबली. वीस वर्षं, दीड हजारावर भाग, आणि एके दिवशी वेळ झाली तरी काही लागेना. आप्पा पुन:प्रक्षेपणावर दिवस काढू लागले.

मधल्या त्या काळात साटमांची एक मुलाखत आली होती. घरी बसून कंटाळा येतो, येतात त्या भूमिका पुन्हा पोलिसाच्याच, जोरदार काही कुणी लिहीत नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते. मी वाचून दाखवलं आणि आप्पा गप्प झाले. “रिटायर मानूसले हाऊच तरास शे,” एवढंच म्हणाले. दुपारी मला परत हाक. “त्याले सांग, चार दिन इकडे ये म्हनावं. कळण्याची भाकरी खाई जाय.” कुणामार्फत सांगू, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

या खात्यातलं सगळ्यात घाण काम म्हणजे यूट्यूबवरची चित्रं. साटमांच्या फोटोला हार, बाजूला उदबत्ती, वर लाल अक्षरांत ‘अभी अभी आई दुखद खबर’. आत उघडून बघावं तर दहा मिनिटं वाजंत्री आणि शेवटी कळतं की कुणाचा तरी पाय मुरगळला. आप्पांच्या फोनवर असली चित्रं उंदरांसारखी येतात, एक हाकललं की दोन. पूर्वी ते चष्मा कपाळावर सारून “खोटं शे” म्हणत आणि पुढे जात. पण डिसेंबर २०२३ मध्ये तसंच एक चित्र आलं, फ्रेडरिक्सचं, म्हणजे दिनेश फडणीसांचं. आप्पा नेहमीप्रमाणे खोटं म्हणाले. संध्याकाळी मी बातम्या लावल्या आणि ती बातमी खरी निघाली. हसवणारा तो एकच होता त्या टोळीत, आप्पा त्या रात्री जेवताना म्हणाले. तेव्हापासून हाराचं एकही चित्र ते हसून सोडत नाहीत. प्रत्येक वेळी मला बोलावतात आणि पुरावा मागतात.

पुराव्याचा नमुनाही ठरलेला आहे. आप्पा दर नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला देतात. न दिल्यास पेन्शन थांबते. माणूस समोर उभा असला तरी कागदाशिवाय तो जिवंत नाही, हे त्यांनी काउंटरच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून अनुभवलंय. तोच नियम त्यांनी साटमांना लावला. ताजी मुलाखत म्हणजे हयातीचा दाखला. जुना चालत नाही. “तारीख दखाड,” ते म्हणतात. ‘दोन वर्षांपूर्वी’ असं खाली दिसलं की दाखला नामंजूर.

आणि अशात २०२४ च्या डिसेंबरात मालिका परत सुरू झाली. आनंदीआनंद. दया आला, अभिजीत आला, साळुंखे आला. तीन-चार महिने माझं खातं अगदी सुरळीत चाललं. मग आला एप्रिल.

रविवारची पहाट. गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलेला. ज्यांनी केले नाहीत त्यांना सांगते, आंबवलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत असतो, तो गरम असतानाच ओल्या धोतरावर पळीने टाकून बोटांनी गोल पसरायचा. बोटं पाण्यात, घाट्यात, पुन्हा पाण्यात. ऊन तापायच्या आत रांगा पुऱ्या झाल्या पाहिजेत, आणि घाटा निवला की पसरत नाही. अशा वेळी आप्पा धोतराच्या कडेने, ओल्या बिबड्यांवर पाय न पडेल असे तिरके चालत आले. हातात फोन. या वेळी हार यूट्यूबवाल्यांनी घातलेला नव्हता. खुद्द वाहिनीनेच जाहीर केलं होतं, एसीपी प्रद्युम्न गेले. मालिकेतल्या बार्बोसा या खलनायकाने बॉम्ब लावला.

“दख,” आप्पा म्हणाले. माझ्या घाट्याच्या बोटांना फोन दाद देईना. मी कोपराने प्रयत्न केला, मग नाकाने. नाकाने उघडलं. सासूबाई म्हणाल्या, “बिबडा फाटी ऱ्हायना तिकडे!” आणि गच्चीखालून हाक आली, “आप्पा, मरी गया का हो तो?” हे जिभाऊ, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्यामागे शिंपीकाम करणारे नाना. प्रताप कॉलेजच्या मैदानावर सकाळी चालणारी सगळी मंडळी चालणं अर्धं टाकून आमच्या ओट्यावर.

मग जे झालं त्याला शोकसभा म्हणता येणार नाही, तो पंचनामा होता. “बॉडी सापडनी का?” जिभाऊंनी पहिला मुद्दा काढला. “साळुंखेनं रिपोर्ट दिला का?” नानांचा दुसरा. इतकी वर्षं ज्यांनी फॉरेन्सिक लॅबच्या रंगीत बाटल्या पाहिल्या, त्यांना नुसत्या पोस्टवर विश्वास ठेवायला सांगणं म्हणजे अपमानच. दुपारपर्यंत चहाचे तीन फेरे झाले. पोस्टमॉर्टेम कोण करणार यावर दोन तट पडले. आणि मला हुकूम: त्याची स्वतःची मुलाखत शोध.

ती एक-दोन दिवसांत सापडली. साटम म्हणत होते, मी काही काळ ब्रेक घेतलाय, पुढे काय होणार ते करणाऱ्यांना माहीत, माझा ट्रॅक संपला की नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी वाचून दाखवत असताना आप्पांच्या चेहऱ्यावर जुळलेल्या कॅशचं तेज आलं. “म्हंजे रजेवर शे!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “रजेचा अर्ज देल मानूस मयत कसा दखाडतस?” बँकेत असं केलं असतं तर युनियनने दार बंद केलं असतं, हे त्यांनी ओट्यावरच्या सर्वांना समजावून सांगितलं. रजा कोणती, अर्जित की वैद्यकीय, यावर संध्याकाळ गेली.

पण गाव ऐकत नव्हतं. महिनाअखेरीला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य होतो. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येऊन झोके घेतात आणि पुरुष पत्त्यांचा डाव मांडतात. आमच्या ओट्यावरच्या डावात कुणी तरी पानं पिसता पिसता मुद्दाम काढलं, “आप्पा, औंदा एसीपीनी घागर भरी का नई?”

डाव थांबला. आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला, तो हसू दाबण्याचा होता. आप्पांनी हातातली पानं पालथी ठेवली. “जित्ता मानूसनी घागर भरतस का कोन्ही?” ते म्हणाले, आणि मला आत हाक मारली. “ती मुलाखत आन. तारीखवाली.” मी सांजोऱ्या तळायच्या सोडून फोन नेला. तो हातोहात फिरला. जोकर टाकावा तसा तो शेवटी डावाच्या मधोमध पडला आणि प्रश्न मिटला.

पुढे ते खरंच परत आले. प्रेक्षकांनी देशभर इतकी आरडाओरड केली होती की एसीपीला बॉम्बमधून बाहेर काढावंच लागलं. मला वाटलं होतं आप्पा पेढे आणतील. त्यांनी टीव्हीकडे बघत नुसती मान हलवली, “रजा संपनी.” जणू हजेरीपटावर सही करताना पाहिलं.

त्या वर्षी नोव्हेंबरात आप्पांच्या स्वतःच्या दाखल्याची वेळ आली. आता बँकेत जायला नको, फोनवर चेहरा दाखवला की झालं, असं मी उत्साहाने सांगितलं आणि अ‍ॅप उघडलं. डोळे मिचकवा, अशी सूचना आली. आप्पा खुर्चीत ताठ बसले, कपाळाला आठी, नजर थेट आरोपीवर. पापणी हलेना.

“आप्पा, डोळे मिचकवा.”

“काबरं?”

“नाहीतर तुम्ही जिवंत आहात हे त्याला कळत नाही.”

आप्पांनी नजर आणखी रोखली. एसीपी प्रद्युम्न कुणासमोर डोळे मिचकावत नाहीत. फोनने नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, “मामा असते तर एका डोळ्यानं मिचकावून मोकळे झाले असते.” आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाले,

“इतलं शे तं मंग मन्ही बी एक मुलाखत ली ल्या.”