"दोन सिटिंग झाली आणि पाय आधीपेक्षा काळे दिसतायत" या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

ताई नमस्कार, क्लिनिक माझं आहे आणि तुमच्या पायांवरच्या बारीक शिरांचं लेसर मीच केलं होतं, म्हणून हे उत्तर रिसेप्शनला लिहायला न सांगता मी स्वतः लिहितेय. तुमच्या फाईलमधलं काही इथे चारचौघात मांडणार नाही, तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

तुम्ही म्हणताय की दोन सिटिंगचे १४ हजार गेले, शिरा जायच्या ऐवजी तपकिरी डाग आले, लेसरच्या वेळी चटके बसले, तीनदा फोन केला तरी कुणी उलटा फोन केला नाही, आणि तिसऱ्या सिटिंगच्या आधी अचानक डॉप्लर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करायला सांगितलं म्हणजे "नुसता लाईट मारून पैसे काढायचे धंदे".

आधी फोनचं. ती चूक आमची, शंभर टक्के. पायावर डाग दिसतायत आणि डॉक्टर फोनवर येत नाही म्हटल्यावर कुणीही घाबरेल, रागावेल. माफी मागते. आता लेसर झालेल्या प्रत्येक पेशंटला तिसऱ्या दिवशी आणि मग दोन आठवड्यांनी मीच फोन करते, दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

आता डागांचं, कारण खरं दुखणं तेच आहे. या ज्या लाल-जांभळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा असतात त्या एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. लेसरचा प्रकाश कातडीतून आत जातो, शिरेतल्या रक्ताच्या रंगात शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि शीर आतून भाजून बंद पडते. ठरावीक प्रकाश ठरावीक रंगातच शोषला जातो आणि बाजूची कातडी वाचते, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं, तेव्हा नुसता लाईट नाहीये हो तो. पण बंद पडलेली शीर लगेच गायब होत नाही, आत रक्त गोठलेलं असतं म्हणून ती आधी जास्त गडद दिसते, मग शरीर ती हळूहळू साफ करतं, त्यात आठवडे जातात, कधी महिने. त्या रक्तातलं लोह कातडीत उतरलं की तपकिरी डाग राहतो, आणि आपली कातडी गव्हाळ-सावळी असल्यामुळे भाजल्यावर ती स्वतःही रंग धरते. आपल्या रंगाला त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून मी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, एनडी-याग नावाच्या प्रकारचं लेसर वापरते, तरी डाग येऊ शकतो. बहुतेक वेळा काही महिन्यांत फिका होतो, काहींना वर्षही लागतं. हे सगळं संमतीच्या कागदावर छापलेलं होतं, पण छापलेलं असणं आणि समोर बसवून सांगणं यात फरक आहे, मी तुम्हाला "थोडं काळपट दिसेल" एवढंच म्हणाले होते. ते अपुरं होतं.

चटक्याचंही तसंच, फोडणीचं तेल हातावर उडावं तसं प्रत्येक ठोक्याला होतं, गार हवा मारली तरी जाणवतंच. पण नंतर फोड आला, जखम झाली किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर ते नेहमीचं नाही, तसं काही असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच या, अपॉइंटमेंट वगैरे काही नको.

तुमच्या बहिणीच्या शिरा इंजेक्शनने लवकर गेल्या असं लिहिलंय आणि "मग मला लेसर का?" असं विचारलंय. प्रश्न बरोबर आहे. पायांच्या शिरांसाठी इंजेक्शन, म्हणजे स्क्लेरोथेरपी, हाच सहसा पहिला पर्याय धरतात, कारण उभं राहिल्यावर पायात रक्ताचा दाब जास्त असतो आणि चेहऱ्यावर लेसर जसं पटकन काम करतं तसं पायावर करत नाही. सुई शिरत नाही इतकी बारीक शीर असेल किंवा पेशंटला सुईची भीती असेल तर लेसर. तुम्हीच लिहिलंय की सुईची भीती वाटते म्हणून लेसर घेतलं, आणि मला आज वाटतं की तेव्हा मी पाच मिनिटं जास्त बसायला हवं होतं, ती सुई किती बारीक असते ते दाखवायला हवं होतं. (इंजेक्शननेही डाग येऊ शकतात बरं का, ते काही जादू नाही.)

डॉप्लरवर मात्र मी ठाम आहे. ती सोनोग्राफीच, उभं करून पायाच्या मोठ्या शिरांच्या झडपा नीट मिटतात का ते बघायचं. आत झडप गळत असेल तर वरून कितीही लेसर मारा, जाळं परत येतं, नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं. संध्याकाळी पाय जड होतात हे तुम्ही दुसऱ्या सिटिंगनंतर सांगितलं असं रिव्ह्यूतच आहे, म्हणून मी थांबले. पहिल्याच दिवशी मी विचारायला हवं होतं, ते राहिलं. डॉप्लर आमच्याकडे होत नाही, त्यात आमचा एक रुपया नाही, पुण्यात तुम्हाला जवळ पडेल तिथे करा.

तोपर्यंत डागांवर ऊन नको. सकाळी तळजाईला फिरायला जाता असं लिहिलंय, जरूर जा, चालणं पायांना चांगलंच, फक्त थ्री-फोर्थ न घालता पूर्ण पँट घाला, आणि गाडीवर दुपारी जाताना पाय झाकलेले असू द्या. डाग घासू नका, घरातलं लिंबू-बिंबू काही लावू नका.

तिसऱ्या सिटिंगचे पैसे घेणार नाही, आणि ती करायची की नाही हे डॉप्लर बघूनच ठरवू, कदाचित इंजेक्शनच बरं पडेल. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तरी चालेल, आधीचे फोटो आणि दोन्ही वेळची लेसरची सेटिंग लिहून पाकीट तयार ठेवलंय, फाईल नंबर सांगितला की मिळेल. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, डाग गेले किंवा नाही गेले तरी सहा महिन्यांनी त्याच्याखाली लिहा, पुढच्या पेशंटना कळू दे.