विनोद जिथे थांबतो

मेलबर्नमधल्या मराठी जेवणावळींत मी अनेक वर्षे एक हमखास हशा घेणारा किस्सा सांगत आलो आहे. सोलापूरहून पुण्याच्या वसतिगृहात आलेला मी शेजाऱ्याला ‘काय करलालास बे?’ असे विचारतो आणि तो मजल्यावरची सगळी मुले गोळा करून मला तेच पुन्हा म्हणायला लावतो. टास्मानियातून आलेल्या ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांचा ‘नॅनेट’ हा २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला एकपात्री विनोदी प्रयोग पाहिल्यापासून मात्र तो सांगताना मी अडखळू लागलो. गॅड्सबी रंगमंचावरच विनोद उसवून दाखवतात: आधी ताण निर्माण करायचा, मग तो सोडवून हसवायचे, पुढे काय झाले, हे सांगणे विनोदाला परवडत नाही. बसथांब्यावर धमकावणाऱ्या माणसाचा प्रसंग आधी हसवत येतो, आणि तोच माणूस परत येऊन मारहाण करून गेला, हे शेवटाकडे कळते.

माझ्या किश्शातून गाळलेले एवढेच, की त्यानंतर महिनाभर मी आरशासमोर ‘काय करतोयस’ घोकत होतो आणि आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होतो.

मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली, तेव्हा सोलापूरच्या मित्राने मला ऐकवले, ‘तिकडं बसून बोलायला तुझं काय जातंय बे!’ त्याचे खरे आहे. इथला नाराज प्रेक्षक फार तर उठून जातो, म्हणून विनोदकाराला स्वतःची झडती घ्यायला सवड मिळते. जिथे खुर्च्या मोडायला माणसे येतात, तिथे ‘माझा हा विनोद चुकला असेल’ हे वाक्य गुन्ह्याची कबुली ठरते, आणि मग ते कोण उच्चारणार? आपल्याकडचा वाद त्यामुळे ‘कोण दुखावले’ आणि ‘बोलण्याचा हक्क’ यांच्यातच अडकतो. विनोद कसा रचला, याकडे कोणी वळत नाही.

अर्थात ही उसवण निर्मळच असते असे नाही. ब्रिटनचे विनोदकार स्ट्युअर्ट ली विनोद थांबवून तो का जमला नाही हे समजावतात आणि त्यावरच टाळ्या घेतात (आपला तमाशातला सोंगाड्याही राजाला मध्येच अडवून प्रेक्षकांकडे वळतो, तेव्हा ही युक्ती आयात केलेली नाही). ‘हा विनोद वाईट आहे, मला ठाऊक आहे’ असे म्हणून तोच विनोद खपवणारे तर मला अधिक खटकतात.

गेल्या महिन्यात आग्रह झाला म्हणून मी किस्सा आरशापर्यंत सांगितला. एका वहिनींनी घाईने शेंगाचटणी पुढे सरकवली. अक्कलकोटच्या एका गृहस्थांनी मात्र तिकडे न पाहता विचारले, ‘जायला किती दिवस लागले हो तुमचं ते?’