गुप्तदानाने पोकळी भरत नाही

‘सरकारने हात आखडता घेतला की गुप्तदान करणारे ती पोकळी भरून काढतात’ हे गुप्तदानावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. उदाहरण ‘अनॉनिमस वॉज अ वूमन’ या अमेरिकेतल्या स्त्री कलावंतांसाठीच्या अनुदानाचं दिलंय, आणि तेच नेमकं उलटं सांगतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीच्या (कलेला सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या) अध्यक्षांनी तज्ज्ञ समितीने मंजूर केलेली चार रंगकर्मींची अनुदानं रोखली. पुढे काही वर्षांतच संसदेने चित्रकार-शिल्पकारांना व्यक्तिशः अनुदान देणं बंद पाडलं. १९९६ पासून सुझन अंटरबर्ग यांनी निनावी राहून चाळिशीपुढच्या स्त्री कलावंतांना मदत सुरू केली: वर्षाला साधारण दहा जणी, प्रत्येकी २५,००० डॉलर. एकूण अडीच लाख. एका व्यक्तीच्या खिशातून हे फार मोठं आहे, पण देशभरातल्या कलावंतांसमोर ते किती पुरणार?

त्या अनुदानाची खरी ताकद लेखात सुटलीय. स्वतः अर्ज करायचा नाही, नावं सुचवणारेही निनावी आणि पैसा अमुक कामालाच वापरा अशी अट नाही. प्रकल्पाला बांधलेली रक्कम रंग-कॅनव्हासवर संपते, स्टुडिओचं भाडं थकतं ते थकतंच, आणि काम तिथेच अडतं. (अमेरिकेत १९८६ नंतर कलावंतांना मिळणाऱ्या अशा रकमांवर सहसा आयकरही लागतो, देणाऱ्याने तो धरूनच आकडा ठरवावा.) आणि अंटरबर्ग यांनी २०१८ मध्ये स्वतःचं नाव जाहीर केलं, ते स्त्री कलावंतांची बाजू उघडपणे मांडता यावी म्हणून. हे लेखात यायलाच हवं होतं.