अटकेला जाण्यापूर्वी

१ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातला मराठी माणूस काळा दिन पाळतो; त्या फेरीला निघताय ना? काळा शर्ट इस्त्री करून ठेवा, नाश्ता भरपेट करा, हे सल्ले बेळगावात बाप पोराला देतोच. आता त्यात एकाची भर घाला : चूळ नीट भरा. अटकेत नमुना म्हणून घेतलेली तोंडातली लाळ सरकारदरबारी ७५ वर्षं मुक्कामाला जायची असेल, तर रात्रीच्या रश्श्याचा वास बरा दिसत नाही.

इंग्रज कंजूष. त्यांच्या १९२० च्या कैदी-ओळख कायद्याचं बोटांच्या-पावलांच्या ठशांवर आणि फोटोवर भागायचं. ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेला आपला ओळखीचा, म्हणजे फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा दिलदार आहे. बुबुळं, तळहात, सही, हस्ताक्षर, शिवाय जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण. डीएनए असं कुठे लिहिलेलं नाही म्हणे. मग रक्त काय पत्रिका जुळवायला नेणार?

पण घाबरू नका. गुन्हा सात वर्षांहून कमी शिक्षेचा असेल आणि बाई-मुलांविरुद्धचा नसेल, तर जैविक नमुना द्यायची सक्ती नाही. नुसत्या खबरदारीच्या अटकेत तर ठसे-नमुने अशी कुठलीच मापं घ्यायची नाहीत, असं नियम सांगतात. अट एकच, सोबत दुसऱ्या गुन्ह्याचं कलम नको. आता आपल्याकडे कलम जोडायचा कंटाळा कुणाला आलाय? पाच जण उभे राहिलात, बेकायदा जमाव. पोलिसानं धरलेला दंड सोडवून घेतलात, सरकारी कामात अडथळा.

शिवाय नकाराचा हा हक्क तुम्हाला ठाऊक हवा. समोर येणारा कागद कन्नडमध्ये असेल. पोलीसमामा पेनाच्या टोपणानं खालची ठिपक्यांची रेघ दाखवतील, "इल्ली सही माडी." मागे पन्नास जणांची रांग, डोक्यावर बंद पंखा, फाटकाशी डबा घेऊन ताटकळलेली बायको. अशा वेळी "साहेब, हे मराठीत द्या" असं चुकूनही म्हणू नका. त्याच मागणीसाठी तर आत आणलंय!

निर्दोष सुटलात तर नोंद पुसतात. म्हणजे आधीची शिक्षा नसेल, सगळी अपिलं संपली असतील आणि कोर्टानं वेगळं काही सांगितलं नसेल तर. डीएनएवर देखरेखीला मंडळ नेमणारं विधेयकही होतं बरं का. २०१९ मध्ये लोकसभेत आलं, २०२३ मध्ये मागे घेतलं. राखणदाराला घरी पाठवला, विळा तेवढा शेतात ठेवला.

आणि सही करताना घरच्यांनाही सांगून ठेवा. नमुन्याच्या त्या नळीत तुम्ही एकटे नसता. येळ्ळूरचा चुलतभाऊ, चंदगडला दिलेली बहीण, तिची कोल्हापुरात शिकणारी पोरं, सगळ्यांचा थोडाथोडा वाटा असतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. ८६५ गावं महाराष्ट्रात जेव्हा यायची तेव्हा येतील, तोवर दोन्हीकडच्या भावकीचं एकीकरण दिल्लीत, राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या सर्व्हरवर, तुमच्या एका थुंकीत होऊन जाईल.