मागच्या अ‍ॅक्सलच्या लॉकरबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘ऑटोमॅटिक लॉकर बसवला की मागची दोन्ही चाकं कायमची जखडतात, वळणावर शाफ्ट तुटतो.’ हे चूक आहे. लॉकर म्हणजे अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा भाग. कायम जखडून ठेवतो तो स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं पक्की जोडून टाकणारा भाग. ऑटोमॅटिक लॉकरमध्ये वळताना बाहेरचं चाक जास्त वेगाने फिरू लागलं की त्या बाजूचे दाते सुटतात; तेव्हा टकटक ऐकू येते, तो बिघाड नव्हे. मात्र ऐन वळणात जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर तो झटक्याने पकडतो आणि ओल्या डांबरावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. सांभाळायचं ते इथे.

साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. म्हणून इंदूरजवळच्या चोरलकडे पावसाळ्यात एक चाक काळ्या चिखलात नुसतं फिरत राहिलं, की कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. लॉकर लागतो तो इथे.

रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर बटणाने लागणाराच लॉकर घ्या, असं माझं ठाम मत आहे. महाग पडतो, हवेवरच्याला कॉम्प्रेसरही लागतो, पण डांबरावर तो बंद ठेवता येतो. आणि आधी शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा, मोजा. नुसत्या ‘बसेल हो’वर पैसे देऊ नका.