मूलभूत चौकट न्यायाधीशांच्या लहरीवर चालते का?

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो आणि वकील मंडळीही तो बिनदिक्कत पुढे ढकलतात. त्याचा गोषवारा असा: राज्यघटनेत ‘मूलभूत चौकट’ (म्हणजे घटनेचा जो गाभा संसदेला घटनादुरुस्ती करूनही मोडता येत नाही तो) हे शब्दच नाहीत. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा, म्हणजे एका मताच्या जोरावर न्यायाधीशांनी ती निर्माण केली. तिची यादी कुठेही नाही, त्यामुळे नावडेल ती घटनादुरुस्ती रद्द करता येते. आणि निवडून आलेल्या संसदेचे हात कायमचे बांधले गेले आहेत.

शब्द नाहीत, हे खरं. वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्दही अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या कलम १९ मध्ये नाही. म्हणून ते स्वातंत्र्यच नाही असं कुणी म्हणत नाही. शिवाय ही कल्पना १९७३ ला आभाळातून पडली नव्हती. १९६५ च्या सज्जनसिंग खटल्यात न्या. मुधोळकरांनी विचारून ठेवलं होतं की, घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा तो भाग नव्यानं लिहिणं? गंमत म्हणजे त्यांनी दाखला दिला होता तो पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालाचा.

एका मताचा मुद्दा वजनदार वाटतो. बहुमत काठावरचं होतंच. अकरा वेगवेगळी निकालपत्रं, आणि सारांशाच्या कागदावर तेरापैकी नऊच जणांच्या सह्या. या निकालाला कुणी नेटका म्हणणार नाही. पण पुढे काय घडलं तेही सांगायला हवं. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. त्यावर ३९ वी घटनादुरुस्ती आली. तिनं घातलेल्या ३२९-अ कलमाच्या चौथ्या खंडाचा अर्थ सरळ होता: ही निवडणूक वैधच आहे आणि उच्च न्यायालयाचा निकाल निरर्थक. १० ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात अपिलाची तारीख होती! त्या पाच न्यायाधीशांच्या पीठावरचे चौघे केशवानंद खटल्यात अल्पमतात होते. तरीही केशवानंदचा निकाल बंधनकारक मानूनच खटला चालला आणि चौथा खंड पडला. (इंदिराबाईंची खासदारकी मात्र वाचली, कारण निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावानं बदलून ठेवला होता आणि तो बदल टिकला.) त्याच नोव्हेंबरात केशवानंदच्या फेरविचारासाठी तेरा जणांचं पीठ बसलं आणि दोन दिवसांत बरखास्तही झालं. मग १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात, संसदेला दुरुस्तीचा अमर्याद अधिकार देणारे ४२ व्या दुरुस्तीतले खंड पाचही न्यायाधीशांनी रद्द ठरवले. इतक्या वेळा तपासल्या गेलेल्या तत्त्वाला ‘एका मताचं’ म्हणत राहणं जरा सोयीचंच आहे.

यादीबद्दल. १९७५ च्या त्याच खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूड (केशवानंदमधल्या अल्पमतातलेच एक) यांनी रीत सांगून ठेवली. एखादं वैशिष्ट्य मूलभूत आहे का, हे समोरच्या प्रकरणातच पाहायचं: घटनेच्या योजनेत त्याचं स्थान काय, त्याचा हेतू काय, आणि ते नाकारलं तर देशाच्या कारभाराचा आधार म्हणून घटना शाबूत राहील का. ही रीत न्यायालयाला आवरही घालते. संघराज्य मूलभूत आहे, पण राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असावा ही अट मूलभूत नाही, असं २००६ मध्ये ठरलं ते याच पद्धतीनं. तत्त्व वेगळं, आणि त्याभोवतीची प्रत्येक तरतूद वेगळी.

बरं, यादी लिहून ठेवली तर वाद मिटतो का? जर्मनीच्या घटनेत १९४९ पासून ती आहे: मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य वगैरेंना हात लावता येत नाही. तरी १९७० मध्ये संभाषणांवर गुप्त पाळत ठेवू देणारी दुरुस्ती न्यायालयात गेली तेव्हा ती टिकली, आणि तीन न्यायाधीशांचं मत विरोधात पडलं. यादीतल्या शब्दांचा अर्थही शेवटी कुणीतरी लावावाच लागतो.

लहरीपणाचा आरोप मला एकाच ठिकाणी थोडाफार पटतो. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी घटनादुरुस्तीनं आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतानं रद्द झाला. न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य मूलभूत, यात वादच नाही. पण तिथून ‘नेमणुकीत न्यायाधीशांचाच शब्द वरचढ’ इथवरची उडी फार लांब आहे. तिथे एकटे पडलेले न्या. चेलमेश्वर मला जास्त पटतात. मात्र हा तत्त्व चुकीचं लावल्याचा दोष झाला; तत्त्वच नको, असं त्यातून निघत नाही.

राहिले बांधलेले हात. आजवर शंभराहून अधिक घटनादुरुस्त्या झाल्या. या कसोटीवर पूर्ण किंवा अंशतः पडलेल्या दोन्ही हातांच्या बोटांत मावतात. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी दुरुस्ती टिकली, बढतीतल्या आरक्षणाच्या दुरुस्त्या टिकल्या, आर्थिक निकषावरचं दहा टक्के आरक्षणही २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी टिकलं. ‘रद्द झालेल्यां’च्या यादीत कधी कधी सहकारी संस्थांची ९७ वी दुरुस्तीही घुसडलेली दिसते. २०२१ मध्ये तिचा राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता भाग पडला खरा, पण तो निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली नव्हती म्हणून. ती अट घटनादुरुस्तीची रीत सांगणाऱ्या कलम ३६८ मध्ये शब्दशः लिहिलेली आहे.