छत्तीस घरं बहुमताने जिन्यावर कशी आणावीत

एखाद्या नऊ मजली इमारतीच्या समितीवर तुमची नुकतीच निवड झाली असेल तर आधी अभिनंदन. तुमच्याकडे आता सही आहे, शिक्का आहे आणि छत्तीस घरांचा पैसा आहे. या तिन्हींतून काय चमत्कार घडवता येतो, ते मी अगदी जवळून पाहिलंय. मी आठव्या मजल्यावर राहतो. गेले एकवीस दिवस रोज किमान दोनदा एकशे चव्वेचाळीस पायऱ्या चढतोय. त्या चढताना सुचलेले हे सल्ले आहेत. फुकट आहेत, घ्या.

पहिला सल्ला. रोग काय आहे हे सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच ठेवा.

आमच्या लिफ्टला दोन मजल्यांच्या मध्ये थांबून चिंतन करायची सवय लागली, तेव्हा एक कारागीर बोलावला गेला. तो वर मशीन रूममध्ये गेला आणि वीस मिनिटांनी खाली आला. हातात फडक्यात गुंडाळलेला काळाकुट्ट तुकडा होता. त्याने फडकं हळूच उलगडलं आणि म्हणाला, "हा गेलाय." आम्ही सात जण त्या तुकड्यावर वाकलो. एकाने तो हातात घेऊन हुंगला आणि "हो हो, जळका वास येतोय" असा निर्वाळा दिला. तो तुकडा आमच्याच लिफ्टमधून निघाला की त्याच्या पिशवीत गेल्या वर्षापासून पडून होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. त्या क्षणी माझी मान इतरांपेक्षा जोरात हलत होती.

डार्बी आणि कार्नी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्येच लिहून ठेवलंय की काही सेवा अशा असतात, ज्यांची गरज होती की नव्हती हे पैसे दिल्यावरही ग्राहकाला कळत नाही. गाडीची दुरुस्ती घ्या, दाताचं काम घ्या. भाग बदलल्यावर लिफ्ट चालली, तर भाग खरंच गेला होता. नाही चालली, तर "आणखी एक गेलाय". दोन्हीकडून कारागीर बरोबर! असा सुरक्षित धंदा सोडून लोक नोकऱ्या का करतात कोण जाणे.

दुसरा सल्ला. तीन कोटेशनं मागवा, पण ती वाचू नका.

तीन हवीतच, नाहीतर व्यवहार पारदर्शक दिसत नाही. आमच्याकडे तीन आली. तीन लेटरहेड, तीन रंग, तीन वेगवेगळ्या नावांचे शिक्के. आणि तिन्हींत 'दुरुस्ती' हा शब्द 'दुरूस्थी' असा लिहिलेला. तिन्ही ठिकाणी! एकाच माणसाने एकाच यंत्रावर बसून तीन स्पर्धकांच्या वतीने केलेली ही स्पर्धा होती. मी ते बैठकीत दाखवलं, तर "अहो, शुद्धलेखनाचं काय घेऊन बसलात" म्हणून हशा पिकला. तिन्हींतला सगळ्यात फुगवलेला आकडा आधी मोठ्याने वाचण्यात आला. समितीतल्या कुणी अर्थशास्त्र वाचलं असेल असं वाटत नाही, पण हात मात्र सराईत होता. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांसमोर नशिबाचं चाक फिरवायचं आणि मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चाक मुद्दाम असं बनवलेलं की ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबावं. ज्यांनी १० पाहिला त्यांचं मधलं उत्तर २५, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचं ४५. चाकाचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही, तरी आकडा डोक्यात जाऊन बसतोच. आमच्याही डोक्यात बसला. त्यापुढे दुसरा आकडा ऐकला तेव्हा सभागृहात चक्क सुटकेचा निःश्वास उमटला.

चौथाही एक माणूस आला होता. तो म्हणाला, "मी आधी सगळं तपासतो, तपासणीचे पैसे घेतो, मग आकडा सांगतो." त्याला आम्ही हसून वाटेला लावलं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० च्या लेखात जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच सांगितलंय. घेणाऱ्याला चांगलं आणि वाईट वेगळं ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, चांगला विक्रेता निघून जातो, आणि बाजारात भंगार उरतं. हा लेख आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता, त्यातल्या काहींना विषयच क्षुल्लक वाटला. त्याच कामासाठी ॲकरलॉफना २००१ मध्ये नोबेल मिळालं, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर. आम्हाला लिफ्ट मिळाली.

"हा भाव आजपुरताच आहे" हे वाक्य बैठकीत एकदा तरी यायलाच हवं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख किती बोचतं, हे चाकवाल्या ट्वर्स्की-कानेमन जोडीनेच १९९२ मध्ये मोजलं तेव्हा उत्तर सव्वादोन पट आलं.

गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरा.

आता मुख्य कलाकुसर. हा सल्ला जरा लांबेल, कारण माझे गुडघे दुखतायत.

लोकांपुढे तीन पर्याय ठेवा. दोन ठेवलेत तर बहुमत ज्या बाजूला, ते जिंकतं, आणि तुम्हाला काही करायला वाव राहत नाही. तीन ठेवलेत की खेळ तुमचा. आमचे तीन असे: एक, आहे त्याच लिफ्टची नीट दुरुस्ती. दोन, अख्खी नवी लिफ्ट. तीन, 'अर्धी नवी', म्हणजे दार, बटणं, आरसा नवीन आणि वरची मोटर जुनीच. पहिल्या तीन मजल्यांवरच्या बारा घरांचं म्हणणं होतं: दुरुस्ती करा, नसेल होत तर सरळ नवी घ्या, पण ते अर्धवट नको. मधल्या बारा घरांना अर्धी नवी हवी होती, ती नसेल तर दुरुस्ती, नवी नकोच. आम्हा वरच्या बारांना नवी हवी होती, नाहीतर अर्धी नवी, दुरुस्ती सगळ्यात शेवटी. प्रत्येकाचं आपापल्या जागी शहाणपणाचंच होतं.

आता दोन-दोन पर्यायांवर हात वर करायला लावा. दुरुस्ती की नवी? खालचे आणि मधले एक होतात, दुरुस्ती २४ विरुद्ध १२. नवी की अर्धी? खालचे आणि वरचे एक होतात, नवी २४ विरुद्ध १२. अर्धी की दुरुस्ती? मधले आणि वरचे, अर्धी २४ विरुद्ध १२. म्हणजे दुरुस्ती नवीला हरवते, नवी अर्धीला हरवते आणि अर्धी दुरुस्तीला. छत्तीसही माणसं शुद्धीवर, आणि त्यांची बेरीज मात्र भ्रमिष्ट. कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितीने १७८५ मध्ये हे कागदावर मांडलं. नऊ वर्षांनी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, तो तुरुंगात मेला. आमच्या अध्यक्षांनी त्याचं नाव कधी ऐकलं नसणार, आणि गरजही नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की जो पर्याय हवा तो शेवटी आणायचा.

म्हणून त्यांनी आधी विचारलं, "दुरुस्ती की नवी?" नवी बाद. मग म्हणाले, "चला, आता दुरुस्ती की अर्धी नवी?" दुरुस्ती बाद. टाळ्या. 'दोन तृतीयांश बहुमताने' असं इतिवृत्तात लिहिलंय, आणि ते खोटं नाही! सुरुवात 'अर्धी की दुरुस्ती' अशी केली असती तर शेवटी नवी आली असती. 'नवी की अर्धी'ने केली असती तर दुरुस्ती. मतं तीच, माणसं तीच, खोली तीच. फक्त प्रश्नांचा क्रम एका माणसाच्या खिशातल्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी त्याने आधल्या दिवशी लिहिलेली. आणि आम्ही मारे लोकशाही, लोकशाही म्हणून हात वर करतोय, कवायत केल्यासारखे!

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? खालच्या बारा घरांनी पहिल्या फेरीत मनातलं खरं मत दिलं, आणि त्यामुळेच त्यांच्या गळ्यात त्यांना सगळ्यात नकोसा असलेला पर्याय पडला. त्यांनी तेव्हा खोटं बोलून 'नवी'ला हात वर केला असता, तर दुसऱ्या फेरीत नवीने अर्धीला हरवलं असतं आणि त्यांना निदान दुसऱ्या पसंतीचं मिळालं असतं. खरं बोलल्याचा दंड! हे काही आमच्या इमारतीचं वैशिष्ट्य नाही. गिबार्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलंय की तीन किंवा जास्त निकाल शक्य असतील, तर एकाच माणसाची हुकूमशाही सोडून अशी कुठलीच मतदानपद्धत नाही, जिच्यात कुणाला कधीच खोटं मत देऊन फायदा होत नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी तर १९५१ मध्येच पसंतीक्रम जोडून निर्दोष निकाल काढायच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. मी त्या रात्री वहीत क्रमवारीला गुण देऊनही पाहिले, पहिल्या पसंतीला दोन, दुसरीला एक, तिसरीला शून्य. तिन्हींना छत्तीस-छत्तीस. बसा बोंबलत.

पुढचं थोडक्यात. अर्धी नवी लिफ्ट आली. दार चकचकीत, बटणांत निळा दिवा, आणि आत एक गोड आवाज. अकराव्या दिवशी ती सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये थांबली, आणि तो गोड आवाज आतल्या दोघांचं चाळीस मिनिटं स्वागत करत राहिला. कारागीर आला, वर गेला, फडकं घेऊन खाली आला. "हा गेलाय."

अशा वेळी म्हणा, "एवढा खर्च झालाच आहे, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचं?" ब्रिटन आणि फ्रान्सने काँकॉर्ड विमानाच्या बाबतीत हेच केलं, आणि त्या चुकीला विमानाचंच नाव पडलं. तुमच्या चुकीला इमारतीचं पडेल.

बास झाले सल्ले.

आमच्या नवव्या मजल्यावर एक आजी राहतात. एकवीस दिवस त्या खाली उतरलेल्या नाहीत. परवा माझ्याकडे औषधाची चिठ्ठी देताना त्यांनीच माझी माफी मागितली, "तुम्हाला उगाच त्रास." त्यांनी! ज्या बैठकीला त्या येऊ शकल्या नाहीत म्हणून जिच्यात त्यांची संमती गृहीत धरली गेली, त्या बैठकीत आम्ही सगळे खुर्च्यांवर बसून आरशाची चौकट सोनेरी असावी की रुपेरी यावर पाऊण तास बोललो. मोटरवर किती? एक मिनिट. मोटरबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती.

अहो, हात वर करून मोटर तपासता येत नाही! दोर झिजलाय की नाही हे २४ विरुद्ध १२ ने ठरत नाही. त्या कारागिराला ते माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, एवढाच सगळा मामला होता. तो फरक भरून काढायला ज्याला लिफ्ट विकायची नाही असा एक माणूस पैसे देऊन वर पाठवायचा होता. तो दारात येऊन उभा होता. आम्ही हसलो. तुम्ही हसलात, पाचव्या मजल्यावाले, आणि तुम्ही, तिसऱ्या मजल्यावाले, जे आता मला जिन्यात गाठून "मी तर विरोधातच होतो" म्हणता. मग कोटेशनवर सही कुणाची आहे? न वाचता कशाला केलीत? तीन कागदांवर एकच चूक दाखवली तेव्हा दात कशाला काढलेत?

आणि हो, दुसऱ्या फेरीत अर्धीला वर झालेल्या चोवीस हातांत एक माझा होता. नवी बाद झाली म्हणून चिडून केला. कोटेशन बघितलेलं असूनही केला.

रविवारी पुन्हा बैठक आहे. नोटीस लागलीय, पर्याय पुन्हा तीन आहेत, आणि कुठला प्रश्न आधी येणार हे पुन्हा कुठेही लिहिलेलं नाही. अध्यक्षांनी सुरुवात करायच्या आधी मी उभा राहून म्हणणार आहे की स्वतंत्र तपासणीचा कागद टेबलावर आल्याशिवाय एकही फेरी होणार नाही. माझ्याबरोबर आणखी पाच जण उभे राहिले तरी पुरे. येणार असाल तर जिन्याने या, वेळेवर या. आणि येणार नसाल तर निदान जाता-येता लिफ्टच्या दारावर लाथा मारू नका. दार नवीन आहे.